बिडीच्या कचेरीत राजा बसला

आमच्या बिडी कंपनीच्या कचेरीत एक राजा पाऊण तास बसून गेला, आणि तो कुणालाही दिसला नाही. मी त्याच्या खुर्चीपासून चार हातांवर उभा होतो. मला दिसला नाही. माझ्या सासऱ्यांना दिसला नाही, बायकोला दिसला नाही, दाराच्या फटीतून पाहणाऱ्या तीस बायांना दिसला नाही. एका कावळ्याला मात्र दिसला असावा, कारण त्याने राजाच्या ताटाचा मान ठेवला!

कंपनी म्हटल्यावर काहीतरी मोठं डोळ्यांसमोर आणू नका. गोंदियाहून कुडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांची कचेरी, मागे तंबाखूचं गोदाम, आणि बाजूच्या शेडमध्ये मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या तीस बाया. मालक माझे सासरे. आणि मी मुर्रीच्या शेतकऱ्याचा चार बुकं शिकलेला मुलगा, त्यांचा घरजावई. घरजावयाला सासरी एकच शब्द यावा लागतो, तो म्हणजे ‘हो’. “जेवले काय, जावईबापू?” हो. (जेवलो नसलो तरी.) “गोदामाच्या मागच्या दाराचा अडसर बसवला काय?” हो. (हा अडसर पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.)

राजाला बोलावण्याची वेळ माझ्यामुळेच आली होती. आमच्या बिडीच्या पुड्यावर वाघाचं चित्र होतं आणि ते मी काढलेलं होतं. एका मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली की, हा वाघ आमचा आहे, तो दिवाळीपर्यंत काढून टाका. मला नोटिशीचं दुःख नव्हतं. तोपर्यंत त्या चित्राला कुणी मांजर म्हणालं होतं, कुणी कोल्हा म्हणालं होतं. वाघ म्हणून ओळखणारा तो वकील पहिलाच!

पण सासऱ्यांनी मला समोर उभं केलं.

“पुड्यावर चित्र नसंल त दुकानदार बिडी ठेवत नाही. मंग या तीस बाया दिवाळीले का खातीन? तुमचा वाघ?”

“हो,” मी म्हणालो. मग घाईघाईने “नाही,” म्हणालो.

“असं चित्र आणा का ज्याच्यावर कोनाचा दावा चालला नाही पायजे. नाही जमलं त मुर्रीले जा, आन् धान कापा.”

मुर्रीला जायला माझी हरकत नव्हती. पण शेडमधल्या जनाबाईचं काय? जनाबाई म्हणजे आमच्या कंपनीची सगळ्यांत जुनी बिडीवाली. तिच्या एका सुपावर पाच पोरं जगत होती. तिने माझ्याकडे पाहिलं की तो वाघ माझ्या अंगावर यायचा. शेवटी मला एक कल्पना सुचली (माझ्या कल्पनांचा इतिहास पाहता तिथेच थांबायला हवं होतं): पुड्यावर खराखुरा राजाच छापायचा! राजा दोन कंपन्यांचा कसा असेल?

संस्थानं विलीन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सालेकशाच्या पलीकडे, जंगलात, एक लहानसं संस्थान होतं. तिथल्या राजेसाहेबांना मी पत्र लिहिलं की, आपला एक फोटो आणि तो छापायची परवानगी मिळावी. महिन्याने लाल लाखेची मोहोर लावलेलं उत्तर आलं. सरकारांची स्वारी आपल्या कचेरीत येईल, जागा पाहील आणि तिथेच काय ते सांगेल. खाली दिवाणजींची सही आणि तिथी होती. सासऱ्यांनी पंचांग काढलं आणि मटकन खाली बसले.

“अरे देवा! सर्वपित्री अमावस्या!”

त्या दिवशी घरोघरी पितरांना जेवायला घालतात. आमच्याकडेही वडे, खीर, भजी झाली होती आणि कौलांवर कावळे रांगेने बसले होते. दुपारी तीनलाच आभाळ इतकं भरून आलं की कचेरीत कंदील लावावा लागला. वारा सुटला होता, आणि मागे गोदामाचं दार धाड, धाड आपटत होतं. (अडसर!) राजाला बसायला आमच्याकडे खुर्ची नव्हती, म्हणून फोटोवाल्या मिश्राजींच्या स्टुडिओतली सिंहांच्या हातांची खुर्ची आणली होती. डावीकडच्या सिंहाला कान नव्हता. खुर्चीबरोबर मिश्राजीही आपला तीन पायांच्या तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा घेऊन आले होते. सगळे तयार होते. शेडमध्ये एरवी तीस बायांचा गलका असतो, तिथे आता चिडीचूप झालं होतं.

चार वाजता मोटार आली. काळी, जुनी, आणि चारही खिडक्यांना आतून पडदे. पितळी बटणांचा मळका कोट घातलेला ड्रायव्हर उतरला. त्याने मागचं दार उघडलं, कमरेत वाकून मुजरा केला, आणि आतून लाल मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक बाहेर काढलं. मग दोन्ही हातांवर ते धरून तो माझ्यासमोर आला आणि पुन्हा तितकाच वाकला.

माझ्यासमोर आयुष्यात प्रथमच कुणीतरी वाकलं होतं हो! मी विरघळलो. शिवाय आमच्याकडची रीत अशी की पाहुणा दारात आला की आधी त्याच्या हातातलं ओझं घ्यायचं, मग पाय धुवायला पाणी द्यायचं आणि मग बोलायचं. मी चटकन ते घेतलं. “द्या जी, द्या, सामान मी ठेवतो!” ड्रायव्हरने हात जोडले आणि तो मोटारीजवळ जाऊन पाठमोरा उभा राहिला.

वस्तू जड होती. हुक्क्याची नळी असेल किंवा तंबूचा दांडा असेल, असा विचार करत मी ती गोदामात नेली. मागचं दार अजून आपटतच होतं. राजा यायचा आणि हे धाड धाड! आणि हातात तर बरोबर दाराच्या मापाचा दांडा होता. मी तो दाराच्या दोन्ही कड्यांत आडवा सरकवला. दार गप्प झालं. इतकं नेमकं काम माझ्या हातून यापूर्वी झालं नव्हतं. मी खूश होऊन कचेरीत परत आलो.

तेवढ्यात मोटारीतून एक म्हातारे गृहस्थ उतरून आत आले होते. हे दिवाणजी. काळी शेरवानी, काळी टोपी, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा दुधी पडदा. एका हाताने भिंत चाचपत ते आले आणि दुसऱ्या हातात चवरी होती, देवावर ढाळतात तसली, पांढऱ्या केसांची. त्यांच्या मागून राजा येईल म्हणून आम्ही दाराकडे पाहत राहिलो. मागून आला तो नुसता वारा.

“सरकार को बिठा दिया?” दिवाणजींनी मला विचारलं.

मी मोटारीकडे पाहिलं. दार बंद. खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. मग सासऱ्यांकडे पाहिलं. ते डोळे वटारून उभे होते, म्हणजे काय वाटेल ते कर, पण पाहुण्याला नाही म्हणू नकोस.

“हो,” मी म्हणालो.

दिवाणजी खुर्चीकडे वळले, तीनदा मुजरा केला आणि आम्हाला नियम सांगितले. सरकारांसमोर पायात वहाण नाही. सरकारांना पाठ नाही. आणि सरकारांसमोर शिंक नाही. (बिडीच्या कंपनीत!) मग ते खुर्चीच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि रिकाम्या खुर्चीवर हळूहळू चवरी ढाळू लागले.

सासऱ्यांनी माझं मनगट धरलं.

“जावईबापू, राजा कोठी हाय?”

“बसले आहेत म्हणतात.”

“तुमाले दिसून राहिले काय?”

“नाही.”

“मंग हो काऊन म्हनलं?”

आतल्या पडद्याआडून माझ्या बायकोचा, शांताचा आवाज आला. ती घाबरली की कुजबुजायची, आणि तिची कुजबुज शेजारच्या घरापर्यंत जायची. “आवो, आज अमावस्या हाय! राजे जित्ते हायेत ना? कोनी पाह्यलं त्याइले?”

कुणीच पाहिलं नव्हतं. पत्र आलं होतं, पण पत्र तर दिवाणजींनी लिहिलं होतं! त्याच क्षणी खुर्ची कुरकुरली. कुणी बूड सावरून बसावं तशी, स्पष्ट, दोनदा. आजही मी शपथेवर सांगेन. मिश्राजी म्हणाले, “पुरानी लकडी है, हवा में बोलती है,” पण हे म्हणताना ते भिंतीला चिकटले होते.

“सरकारांसाठी काही जलपान?” दिवाणजींनी विचारलं.

राजासाठी म्हणून काही वेगळं केलेलं नव्हतं. शांताने पितरांच्या स्वयंपाकातलंच ताट वाढून पडद्याखालून सरकवलं. वडा, खीर, भजी, सगळं केळीच्या पानावर. मी ते खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवलं आणि मागे सरलो. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. सर्वपित्रीची दुपार, रिकामी आसनाची जागा, समोर वाढलेलं पान, आणि सगळे हात जोडून उभे. यापुढे काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. खिडकीतून एक कावळा आत आला, खुर्चीच्या बिनकानाच्या सिंहावर बसला, मान वाकडी करून सासऱ्यांकडे पाहिलं, आणि एक भजं उचलून निघून गेला.

शेडमधून तीस बायांचा एकदम “आई गं!” असा आवाज आला. जनाबाई म्हणाली, “शिवला! राजाच्या पानाले कावळा शिवला!”

“सरकारांनी काही घेतलं का?” दिवाणजी.

“हो,” मी म्हणालो. “भजं घेतलं.”

“अच्छा हुआ. आजकल कुछ खाते नहीं.”

सासरे खाली बसले. त्यांनी मला खाली ओढून कानात सांगितलं की काहीही होवो, चित्राचं विचारून घे. मेलेला असेल तर मेलेल्याची परवानगी घे, पण घे. वकील जिवंत आहे! मी हात जोडून सगळी हकिगत सांगितली. कुणाला सांगू हे न कळल्यामुळे खुर्चीच्या मधोमध पाहून सांगितली. दिवाणजींनी खुर्चीच्या पाठीजवळ कान नेला. बराच वेळ ते तसेच वाकून होते. मधून “जी” म्हणायचे, मधून मान हलवायचे. वारा थांबला होता, आणि कंदिलाच्या उजेडात भिंतीवर त्यांची एकट्याची सावली हलत होती. मी ती नीट मोजली. एकच होती.

“सरकार पूछते हैं,” ते सरळ होत म्हणाले, “यापूर्वी पुड्यावर जो वाघ होता, तो कुणी काढला?”

माझ्या पत्रात वाघाचा उल्लेख होता की नव्हता? आज आठवत नाही, त्या दिवशीही आठवेना. सासऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. (खुर्चीला दिसावं म्हणून जरा उंच धरलं.)

“सरकार कहते हैं, इजाजत है. लेकिन एक शर्त. जो सामने दिखे वही छापना. न बढ़ाना, न सजाना. तस्वीर अभी, यहीं.”

मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं. “भैया, तस्वीर किसकी? कुर्सी की?”

“राजाची,” सासरे दात आवळून म्हणाले. “लावा तुमचं यंत्र.”

मिश्राजींनी कॅमेरा लावला. उजेड इतका कमी होता की भिंगावरची टोपी काढून वीस आकडे मोजावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. दिवाणजींनी चवरी खाली ठेवली. फोटो होईपर्यंत सगळ्यांनी नजर जमिनीवर ठेवावी, असं सांगितलं. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले,

“मूठ से कपड़ा हटा दीजिए. मूठ दिखनी चाहिए. आजोबांच्या वेळची आहे.”

“कशाची मूठ?”

“सरकारांच्या तलवारीची. आप ही ने तो बिठाया उन्हें.”

मला वाटतं माझ्या डोक्यात एकेक खोली उघडत गेली. लांब. जड. लाल मखमल. ड्रायव्हरचा मुजरा. “काही घराण्यांत,” दिवाणजी सांगत होते, “राजा जाऊ शकला नाही की त्याची तलवार जाते. लग्नाला जाते, दरबाराला जाते. यजमानाने ती मोटारीतून हातांवर घ्यायची आणि आसनावर बसवायची. तलवार बसली म्हणजे सरकार बसले.” पाऊण तासापासून मी एका राजाला गोदामाच्या दाराला लावून ठेवलं होतं!

“आलोच,” एवढंच म्हणून मी पळालो.

गोदामात वाऱ्याने पुन्हा जोर धरला होता. दार बाहेरून रेटलं जात होतं आणि सरकार दोन कड्यांमध्ये घट्ट अडकले होते. मी ओढलं. हलेना. मागून जनाबाई धावत आली.

“का करून राहिले, जवाईबापू?”

“हा दांडा काढ! लवकर!”

“कोनाचा हाय?”

“राजाचा! राजाच आहे हा!”

तिने एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं, पदर खोचला आणि माझी कंबर धरली. आम्ही दोघांनी मिळून ओढलं. सरकार सुटले, दार ताडकन उघडलं आणि वारा आत घुसला. गोदामात वर्षभराचा तंबाखू भरलेला होता. त्याचा बारीक भुगा एका लोटात उठला, शेडमधून गेला, कचेरीत गेला. आणि मग सुरू झालं. आधी जनाबाई शिंकली. मग शेडमधली एक, मग पाच, मग तीस. अंधारात तीस बाया एका मागोमाग एक शिंकत आहेत असा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे? ऐकू नका. मिश्राजी पुढे सांगत की त्यांना वाटलं, पितरच आले!

मी मखमल ओढून काढत कचेरीच्या दारात पोचलो तर मिश्राजींनी टोपी काढून टाकलेली! दिवाणजींनी हुकूम दिला होता. “आठ, नौ...” मिश्राजी डोळ्यांतून पाणी गाळत मोजत होते. दिवाणजींची मान खाली, सासऱ्यांची मान खाली. मग मी काय करणार? मी कॅमेऱ्यासमोरून आत गेलो. तलवार दोन सिंहांच्या मध्ये उभी ठेवली. ती घसरली. पुन्हा ठेवली, वाकून दोन्ही हातांनी टेकवली आणि तिथेच शिंकलो. मग तसाच वाकत बाहेर पडलो. “अठारा, उन्नीस, बीस.” टोपी बसली. एका दमात मी तिन्ही नियम मोडले होते. पायात वहाणा होत्या, पाठ खुर्चीकडे झाली होती, आणि शिंक अशी की कंदील विझला.

“किसको छींक आई?” अंधारात दिवाणजींनी विचारलं.

“सरकारांना,” मी म्हणालो.

दिवाणजींनी चाचपत चवरी उचलली. मग ते म्हणाले, “उम्र हो गई है उनकी.”

कंदील लावला तर खुर्चीत तलवार होती आणि मुठीवर जुन्या चांदीचं काम चमकत होतं. सासऱ्यांना वाटलं ती आत्ता, शिंकेबरोबर, हवेतून प्रकटली. त्यांनी लोटांगण घातलं. त्या दिवशी त्यांना खरं सांगायची मला हिंमत झाली नाही.

निघताना रीतीप्रमाणे मीच सरकारांना हातांवर घेऊन मोटारीपर्यंत नेलं. ड्रायव्हरने मखमलीचा वास घेतला, माझ्या डोक्यापासून पायापर्यंतच्या तंबाखूकडे पाहिलं आणि सरकारांना आत निजवलं. दिवाणजी माझा खांदा धरून उभे होते. ते म्हणाले, राजेसाहेब जिवंत आहेत, पण राज्य गेलं त्या दिवसापासून खोलीबाहेर आलेले नाहीत. पडदे लावून बसतात. कुणाशी बोलत नाहीत. “सालभर में किसी ने सरकार को कुर्सी नहीं दी, बेटा. तुमने दी. मी परत जाऊन त्यांना सांगेन, सरकार, तुम्ही भजं खाल्लं.”

मला फार वाईट वाटलं. आपण या म्हाताऱ्याला फसवलं, असं वाटून डोळे भरून आले. (तंबाखूही होताच.) मी तोंड उघडणार तोच त्यांनी दुधी डोळे माझ्याकडे वळवले आणि हळूच म्हणाले,

“दरवाजे में लगाया था ना?”

मी घाईघाईने हात जोडले.

“दार आपटायचं थांबलं, तेव्हाच कळलं. कोई बात नहीं. राजा का काम ही वह है, दरवाजा रोकना. इतने दिनों बाद किसी ने काम तो दिया.”

मग पडदे लागले आणि मोटार गेली. म्हणजे पाऊण तास हा माणूस खुर्ची रिकामी आहे हे माहीत असून तिच्यावर चवरी ढाळत होता आणि तिच्याशी बोलत होता! मग वाघाचं कुणी विचारलं? आणि खुर्ची कुणामुळे कुरकुरली? अडसर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य उगवायच्या आत बसवला.

चार दिवसांनी मिश्राजी फोटो घेऊन आले. खुर्ची स्वच्छ आली होती, बिनकानाच्या सिंहासकट. तिच्यावर तलवार होती, पण आरपार. तलवारीतून खुर्चीच्या पाठीचा वेत दिसत होता. आणि तलवारीवर वाकलेली, पाय नसलेली, तोंड नसलेली, धुराची केल्यासारखी एक पाठमोरी आकृती होती. निम्मा वेळ खुर्ची रिकामी, उरलेल्या वेळात हलणारा मी. कॅमेऱ्याच्या काचेवर दुसरं काय उमटणार? मिश्राजींनी मला डोळा मारला. (त्यांचा धंदा पुढे असा वाढला की लोक मेलेल्या आजोबांचे फोटो काढून मागायला येऊ लागले.)

सासऱ्यांनी फोटो कपाळाला लावला. “दिसले! सरकार दिसले!”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून शांताने माझ्या पाठीला चिमटा काढला, बरोबर त्या फोटोतल्या पाठीला. आणि शेडच्या दारात जनाबाई उभी होती. तिने मला दार ओढताना पाहिलं होतं, तिला सगळं माहीत होतं. नुसती पाहत राहिली.

“हो,” मी म्हणालो. “सरकारच.”

जे दिसलं तेच छापलं. न वाढवता, न सजवता. आभाराचं पत्र आणि पहिला पुडा आम्ही सरकारांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही, पण पुडाही परत आला नाही. त्या वकिलानेही काही लिहिलं नाही. असलं चित्र आपलं आहे म्हणायची हिंमत कोण करणार? पुडे गेले. बिडी पेटवून धुरात पाहिलं की राजा दिसतो, असं बाजारात लोक सांगू लागले, आणि दिवाळीला तीसही बाया शेडमध्ये होत्या. जनाबाईने आपल्या सुपाला तो कागद चिकटवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. वाहताना माझ्याकडे पाहून हसली.

मूळ फोटो मोठा करून सासऱ्यांनी कचेरीत लावला आणि त्याला हार घातला. पुढची अकरा वर्षं ते रोज सकाळी आले की आधी त्याच्यासमोर डोळे मिटून वाकत, कपाळ भिंतीला टेकवत. मग वळून मला म्हणत, “उभे काऊन राहिले, जावईबापू? तुमच्यानं आजपर्यंत काही झालं नाही आन् पुढंही होनार नाही!”

“हो,” मी म्हणायचो, आणि माझ्याच पाठीला उदबत्ती ओवाळायचो.